लिंबाजी मैलकुलीचं वळण

लिंबाजी वाघमोडे आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा मला नोकरीला लागून पाचच महिने झाले होते. रस्त्यांच्या खात्यात मी ट्रेसर होते. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे पारदर्शक कापडावर शाईनं उतरवून घ्यायचे, एवढंच काम. खोलीत बाई मी एकटीच. मोठ्या टेबलावर ओणवी होऊन मी एक लांब रेघ ओढत होते, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"माझा मैल कुणी कापला?"

माझी रेघ हलली. मान वर करून पाहिलं तर दारात पन्नाशीकडे झुकलेले एक उंच गृहस्थ उभे. खाकी सदरा, धोतर, डोक्याला पांढरं मुंडासं, खांद्यावर काळी घोंगडी. वहाणा त्यांनी बाहेरच काढल्या होत्या आणि पाय घोट्यापर्यंत धुळीनं पांढरे झाले होते. लासूर स्टेशनच्या रस्त्यावरून ते पहाटेच निघाले होते आणि चालत औरंगाबादेत पोचले होते. एस.टी. का नाही धरली, असं शिपायानं विचारलं तेव्हा म्हणाले की गाडीत बसलं की रस्ता दिसत नाही.

मैलकुली हा शब्द आता कानावर पडत नाही. तेव्हा रस्त्याचा एकेक मैल एकेका माणसाच्या हवाली असायचा. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, पावसाळ्याआधी रस्त्याखालच्या मोऱ्या मोकळ्या करायच्या, पडलेलं झाड ओढून बाजूला करायचं, हे सगळं त्या एका माणसानं. लिंबाजी निजामाच्या राजवटीपासून तेच करत होते. त्यांच्या मैलात एक मोठं वळण होतं. खात्यानं ठरवलं होतं की ते वळण टाळून सरळ नवा तुकडा बांधायचा, आणि जुनं वळण यादीतून काढून टाकायचं. यादी निघाली, तिची नक्कल लिंबाजींच्या हातात पडली, कुणीतरी ती त्यांना वाचून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात उभे राहिले.

आमचे हेड ड्राफ्ट्समन वसंतराव भले गृहस्थ. त्यांनी लिंबाजींना आत बोलावलं, माझ्या टेबलावरचं कापड दाखवलं आणि समजावून सांगितलं की वळणामुळे गाड्यांचा वेळ जातो, अपघात होतात, आता रस्ता असा सरळ जाईल, तुमचं काम उलट कमीच होईल. लिंबाजी वाकून रेघ बघत राहिले. शाई अजून ओली होती.

"ही कुणी काढली?" त्यांनी विचारलं.

वसंतरावांनी माझ्याकडे बोट केलं.

"तू ते वळण बघितलंस का, लेकरा?"

मी नाही म्हणाले.

"न बघता पुसलंस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. शिपायानं दिलेलं पाणी प्यायले, घोंगडी सारखी केली आणि आल्या वाटेनं निघून गेले.

मला ते लागलं. लागण्याचं आणखी एक कारण होतं, ते मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी सर्व्हेची जीप त्या बाजूला निघाली तेव्हा मी वसंतरावांना म्हटलं, मलाही न्या. त्यांनी भुवया उंचावल्या, पण नेलं.

दौलताबादचा किल्ला मागं पडला की तिकडं माळच माळ. त्या माळावर एका टेकाडाला वळसा घालून रस्ता जायचा आणि वळशाच्या आतल्या अंगाला तीन गोष्टी होत्या. एक पायऱ्यांची चौकोनी विहीर, जिच्यावर रहाटाचे दोन दगडी खांब होते. एक लांब चौथरा, त्याच्या एका कडेला जुन्या सराईच्या सहा-सात कमानी उरलेल्या. आणि निंबाखाली एक चुनेगच्ची कबर. बाकी काही नाही. पण कुठं एक काटकी पडलेली नव्हती. चौथऱ्याच्या सांध्यांतलं गवत काढलेलं, विहिरीच्या पायऱ्या झाडलेल्या. खात्याच्या यादीत त्या जागेचं नावही नव्हतं आणि लिंबाजींनी ती आपल्या अंगणासारखी ठेवली होती.

मला बघून ते आनंदले असं म्हणता येणार नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, काय आणलंस. मी गोंधळले. नंतर कळलं की ते सगळ्यांनाच हे विचारत. गाडीवाला असो, मेंढक्या असो, जीपमधून उतरलेला साहेब असो, रामराम झाला की पुढचा सवाल तोच. त्यांचं म्हणणं असं की या रस्त्यावरून रिकामं कुणी आलेलं नाही. ज्याच्याकडे माल नसेल त्याच्याकडे बियाणं असतं, बियाणं नसेल तर एखादी नवी गाठ मारायची रीत असते, तीही नसेल तर निदान लांबची खबर असते. मी त्या दिवशी डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली. त्यांनी ती चाखून कशी केली ते नीट विचारून घेतलं, आणि मग मला जागा दाखवायला निघाले.

ते सांगत गेले ते सगळं मी आज त्यांच्या शब्दांत सांगू शकणार नाही. पण अर्थ असा होता. फार पूर्वी हा रस्ता समुद्राकडून यायचा. बंदरावर गलबतं लागायची, माल बैलांच्या पाठीवर चढायचा, घाट चढून मग गाड्यांतून गोदावरीच्या काठाकाठानं इथवर, आणि इथून एक फाटा दौलताबादला, एक पैठणला. इथलं सुती कापड तिकडं जायचं आणि तिकडून घोडे यायचे. अरबी घोडे. हा खडकाळ माळ चढताना त्यांचे खूर फुटायचे. म्हणून एका काफिल्याबरोबर एक नालबंद आला. घोड्याच्या खुराला लोखंडी नाल ठोकायची ती विद्या या भागात कुणाला ठाऊक नव्हती. त्याचा एक घोडा इथं लंगडा झाला, काफिला पुढं गेला, हा मागं राहिला, आणि राहिला तो कायमचाच. आसपासच्या लोहारांना त्यानं शिकवलं. पुढं बैलांनाही नाल बसायला लागले. निंबाखाली होता तो हाच नालबंद.

लिंबाजी धनगर. त्यांच्या घरात खंडोबा. पण मेंढरू लंगडायला लागलं की त्यांच्या धनगरवाड्यातली माणसं ते त्या कबरीवर आणत आणि खंडोबाच्या भंडाऱ्यातली चिमूटभर हळद तिथं वाहत. लमाणांच्या बाया कवडी ठेवून जात. शहरातून एक मुसलमान कुटुंब वर्षातून एकदा चादर घेऊन येई. मी विचारलं की हे असं एकत्र कसं काय चालतं. माझा प्रश्नच त्यांना कळला नाही.

"देव बी पायीच आले, ताई," ते म्हणाले. "व्यापाऱ्याच्या मागं मागं. जिथं माल उतरला तिथं देव उतरला. वेरूळची लेणी का डोंगराला आपसूक फुटली? रस्ता व्हता म्हणून फुटली."

त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. रस्त्याच्या कडेची चर खणताना पंचवीस-तीस वर्षांत जे काही सापडलं ते तिच्यात. कवड्या, लाल अकिकाचे मणी, नालाचे चौकोनी डोक्याचे खिळे, निळ्या नक्षीचा चिनी मातीचा तुकडा. मणी कुठले ते खुलदाबादच्या एका फकिराला विचारून घेतलेलं, चिनी मातीचा तुकडा शहागंजात कपबशीच्या दुकानदाराला दाखवून आलेले. लिहिता-वाचता येत नसलेला हा माणूस एकेक खिळा घेऊन माहितगारापर्यंत चालत जाई आणि कळलेलं जन्मभर विसरत नसे. रहाटगाडगं कुठून आलं, कागद कुणी आणला, तांब्याला कल्हई लावायला कुणी शिकवलं, सगळ्याचं उत्तर त्यांच्याकडे रस्ताच होतं. त्यातलं सगळं खरं होतं असं मी म्हणत नाही. पुढं मी जे थोडं वाचलं त्यातलं काही जुळलं, काही नाही.

एकदा कॉलेजातले इतिहासाचे एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन तिथं गेले होते. त्यांनी मुलांना सांगितलं की ग्रंथांप्रमाणे जुना व्यापारी मार्ग इथून जात नव्हता, तो दक्षिणेला बराच लांब होता. लिंबाजी गवत कापत ऐकत होते. त्यांनी प्राध्यापकांना बूट काढायला सांगितले. टेकाडाच्या पायथ्याशी उघड्या खडकावर त्यांना अनवाणी उभं केलं आणि म्हणाले, चला. खडकात दोन समांतर चाकोऱ्या होत्या, बोटभर खोल, इतक्या गुळगुळीत की बघून समजू नयेत पण तळव्याला लगेच समजाव्यात. प्राध्यापक त्यांतून शंभर पावलं चालले. परत येऊन त्यांनी मुलांना आपलं आधीचं वाक्य वहीतून खोडायला लावलं. हे मला त्या वर्गातल्याच एका मुलीनं सांगितलं, म्हणून मी खरं धरते.

खात्याशी त्यांचं भांडण मात्र रोजचं. मैल जाऊन किलोमीटर आले तेव्हा त्यांनी नवा दगड आपल्या हातानं बसवला आणि जुना उपटायला साफ नकार दिला. रस्ता किलोनं मोजायला ती काय ज्वारी आहे, असं ते मुकादमाला म्हणाले. छातीवर नव्या खात्याचा बिल्ला असायचा आणि त्याच्या शेजारी निजामाच्या तामीरात म्हणजे बांधकाम खात्याचा, उर्दू अक्षरांचा, घासून पुसट झालेला पितळी बिल्ला. तो काढून टाका, ते राज्य गेलं, असं त्यांना दोनतीनदा सांगण्यात आलं. ते म्हणत की राज्य गेलं असेल, पण हा बिल्ला त्या राज्यानं दिलेला असला तरी रस्त्याचा आहे, आणि रस्ता काही गेलेला नाही.

पोलीस ॲक्शनच्या वेळचा त्यांचा किस्सा आमच्या खात्यात सगळ्यांना पाठ होता. निजामाचं राज्य ताब्यात घ्यायला निघालेल्या भारतीय फौजेच्या गाड्या त्या रस्त्यानं शहराकडे येत होत्या. गावं चिडीचूप. सरकारी माणसं कुठं कुठं दडून बसलेली, कारण अंगावर निजामाचा बिल्ला म्हणजे जिवाला धोका. लिंबाजी तेव्हा तिशीचे. त्यांच्या मैलातली मोरी पावसानं खचली होती. वरून धड दिसे पण आत पोकळ. ते बिल्ला लावून, लाल निशाण घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. पहिली गाडी थांबली, शिपायांनी बंदुका रोखल्या. अधिकाऱ्यानं हिंदीत विचारलं की तू कुणाचा माणूस.

"राज्य कुणाचंबी असू द्या," लिंबाजी म्हणाले, "मोरी माझी हाय. ती तुमचं वजन सोसायची नाय."

मग त्यांनी फौजेला खाली उतरवून ओढ्यातला जुना फरसबंद उतार दाखवला, बैलांच्या काफिल्यांसाठी कधीकाळी बांधलेला. त्यावरून एकेक गाडी पार झाली. अधिकारी जाताना त्यांना सलाम करून गेला असं आमचे लोक सांगत. लिंबाजींना विचारलं तर ते म्हणत की सलामाचं आठवत नाही, तो उतार टिकला एवढं आठवतं.

आता त्या वळणाचं जे झालं ते सांगते.

नव्या सरळ तुकड्यावर मुरूम पडला आणि खडीची वेळ आली. खाण लांब होती. ठेकेदारानं सुचवलं की जुन्या वळणावर तयार दगड पडलेला आहे. सराईचा चौथरा, कमानी आणि विहिरीचं बांधकाम फोडलं तर खडी तिथल्या तिथं होईल, आणि मोकळी विहीर ढिगाऱ्यानं बुजवली तर गुरं पडायची भीतीही जाईल. आमचे डेप्युटी इंजिनिअर तेव्हा नुकतेच पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांच्यापुढच्या कागदावर तिथं काहीच नव्हतं, नुसती मोकळी जागा. त्यांनी सही केली.

लिंबाजी त्या दिवसापासून सरळ तुकड्यावरच्या आपल्या नव्या हद्दीत जायचे बंद झाले. ते वळणावर जाऊन बसले. खात्यानं त्यांना मेमो काढला: नेमून दिलेल्या जागी गैरहजर, खुलासा करावा. तो मेमो घेऊन ते पुन्हा चालत आमच्याकडे आले. या वेळी सरळ माझ्या टेबलापाशी.

"वाच," म्हणाले. मी वाचला. "आता लिही."

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, त्यातला शब्द न शब्द मला पाठ आहे.

"मी गैरहजर नव्हतो. मी माझ्या मैलावर होतो. मैल वहीतून काढला म्हणून जमिनीवरून जात नाही. विहीर बुजवायची असेल तर साहेबांनी आधी त्यातलं पाणी पिऊन बघावं आणि मग हुकूम द्यावा."

दोनदा वाचून घेतलं, अंगठा उठवला. मग हळू आवाजात म्हणाले, "तामीरातवाल्या साहेबानं आमच्या बापासमोर ती विहीर नकाशात लिवली व्हती. म्यां लहान व्हतो, पर बघितलंय. ते लिवलेलं कुठं गेलं?"

ते कुठं गेलं होतं ते मला माहीत होतं. हेच ते, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ती सरळ रेघ काढताना खालचा मूळ कागद म्हणून मला हैदराबादच्या काळातला एक जुना नकाशा दिला होता. त्याच्यावर बारीक उर्दू अक्षरं होती. नुसत्या रेघा घे, अक्षरं सोड, ती आता कुणाला वाचता येत नाहीत, असं मला सांगण्यात आलं होतं. मला येत होती. माझी शाळा तिसरीपर्यंत उर्दूत झाली. चौथीत गेले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन गेली होती आणि फळ्यावर मराठी आली होती. मुलींच्या त्या वर्गात आम्ही एका वर्षात उजवीकडून डावीकडे लिहायचं सोडून डावीकडून उजवीकडे लिहायला शिकलो. त्यानंतर आपल्याला उर्दू येते हे मी कुठं बोलले नाही. नव्या दिवसांत ते अवघड वाटायचं. नकाशावरचा 'सराय' हा शब्द मी वाचला होता, आणि सांगितल्याप्रमाणे सोडून दिला होता.

त्या दुपारी मी रेकॉर्ड रूममध्ये गेले. जुना नकाशा गुंडाळी करून सगळ्यात वरच्या फळीवर टाकलेला होता. स्टुलावर चढून काढला, झटकला, खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचला. सराय. बावली, म्हणजे पायऱ्यांची विहीर. नालबंदाची कबर. आणि खाली एक ओळ, की या तिन्हींची देखभाल रस्त्याच्या खात्यानं करायची.

मी कापडाचा नवा तुकडा घेतला आणि ते वळण शाईनं पुन्हा काढलं. विहीर काढली, चौथरा काढला, कबर काढली, प्रत्येकाशेजारी मराठीत नाव लिहिलं, आणि कडेला ती उर्दू ओळ आधी जशीच्या तशी आणि खाली तिचं भाषांतर. वसंतराव मागं येऊन उभे राहिले.

"कुसुमताई, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "तुमचं काम रेघा ओढायचं."

"अक्षरंसुद्धा नकाशातलीच आहेत," मी म्हटलं.

त्यांनी जुना नकाशा शेजारी ठेवून माझ्या रेघा ताडून पाहिल्या. मग त्यांनी कापड उचललं, लिंबाजींचा खुलासा आणि जुना नकाशा त्याला जोडला आणि स्वतः डेप्युटी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. वसंतरावांविषयी माझ्या मनात त्या दिवसापासून जो आदर आहे तो कमी झाला नाही.

पण कागद आपल्या चालीनं चालतो आणि ठेकेदाराचे ट्रक त्यांच्या चालीनं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ट्रक, सुरुंगवाले आणि घणवाले वळणावर पोचले. पुढचं मी पाहिलेलं नाही; आमच्या रोलरच्या ड्रायव्हरनं येऊन सांगितलं. लिंबाजींनी आपल्या भाऊबंदांना निरोप धाडला होता. चार वाड्यांची मेंढरं वळणावर आणून बसवली होती. चौथऱ्यावर मेंढरं, कमानींत मेंढरं, विहिरीच्या काठाकाठानं मेंढरं, आणि त्यांच्यापुढं लाल निशाण घेऊन लिंबाजी. ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले, मेंढरं रवंथ करत राहिली. घणवाल्यांनी एका बाजूनं वाट काढून तीन कमानी पाडल्या तेवढ्याच. ठेकेदाराचा माणूस लिंबाजींच्या अंगावर धावून गेला की ही तुझी हद्द नाही. लिंबाजी म्हणाले की मग तुझीही नाही.

दुपारी डेप्युटी साहेब जीप घेऊन तिथं गेले. उतरल्या उतरल्या म्हणाले, "वाघमोडे, अहो दगडच आहेत ते. दगडासाठी नोकरी घालवणार?"

लिंबाजींनी निशाण खाली केलं नाही.

"साहेब, इथं उतरणाऱ्याला जात इचारत नव्हते," ते म्हणाले. "कुठनं आला आन काय आणलं, एवढंच इचारायचे. आमच्या तालुक्यात तशी एवढी एकच जागा ऱ्हायली. ती फोडून तुम्ही सडक करणार. त्या सडकंवरनं काय येणार मग?"

साहेब विहिरीपाशी गेले. ड्रायव्हर सांगत होता की लिंबाजींच्या बायकोनं रहाटानं घागर वर काढली आणि साहेब ओंजळीनं पाणी प्यायले. खुलाशातलं वाक्य त्यांनी वाचलं असणार. मग जीपमध्ये बसून माझं कापड मांडीवर पसरून ते बराच वेळ बसले, आणि संध्याकाळी ट्रक रिकामे परतले.

विहीर राहिली, कबर राहिली, निम्म्या कमानी राहिल्या. वळण 'जुना रस्ता, देखभाल चालू' म्हणून यादीत परत आलं. आणि लिंबाजींची बदली झाली. हुकूम मोडल्याची नोंद तर करावीच लागते, असं साहेब वसंतरावांना म्हणाले. लिंबाजींना लासूरच्याही पलीकडं टाकलं. आम्हाला वाटलं, आता हा माणूस खचेल. ते गेले, मुकाट्यानं रुजू झाले, महिन्याभरात तिथल्या सगळ्या मोऱ्या उपसून मोकळ्या केल्या. दर सुट्टीच्या दिवशी पहाटे निघून वळणावर यायचे, पायऱ्या झाडायचे आणि अंधार पडायच्या आत परत जायचे. पाडलेल्या कमानींचे दगड त्यांनी एकट्यानं ओढून ओळीनं लावून ठेवले होते. कशाला म्हणून कुणी विचारलं तर सांगत, कुणीतरी पुन्हा उभ्या करणारा येईल, त्याला शोधत फिरायला नको. निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन ते वळणावरच झोपडी बांधून राहायला गेले.

मी आता गारखेड्यात राहते. नातू वाळूजच्या कारखान्यात आहे, शिफ्टच्या बसनं येतो-जातो. त्याला रस्ता म्हणजे किती मिनिटं, एवढंच ठाऊक. त्याचा दोष नाही. मीही एकेकाळी पट्टी लावून सरळ रेघ ओढलीच होती.

लिंबाजींना मी शेवटचं पाहिलं ते बाहत्तरच्या दुष्काळात. पुढच्या पावसाळ्याआधीच ते वारले, ते मला फार उशिरा कळलं. त्या रस्त्यावर दुष्काळी काम निघालं होतं. माणसं कमी पडत होती म्हणून हजेरीपत्रकं घेऊन मलाही साइटवर पाठवलं होतं. लुगड्यांची सावली करून बाया खडी फोडत होत्या. आसपासच्या विहिरी तळाला गेलेल्या. वळणावरच्या विहिरीत तेवढं पाणी होतं. इतकं खाली गेलेलं की कुणी कधी न बघितलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या.

लिंबाजींनी रांग लावली होती. आधी माणसं, मग जनावरं, मग खात्याचा टँकर. टँकरवाला कुरकुरत होता, रोलरचं काम अडलं होतं. एक नवा तरुण इंजिनिअर तणतणत आला आणि म्हणाला की ही विहीर खात्याची आहे, टँकर आधी भरणार. लिंबाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते आवाजाच्या दिशेनं वळले.

"व्हय, खात्याचीच हाय," ते म्हणाले. "कागदावर लिवलंय तसं. म्हणून तर म्हणतो, रांगेत या."

इंजिनिअरनं रांगेकडे पाहिलं आणि टँकरवाल्याला हात केला. मग टँकर मागं सरकला.

त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मी म्हटलं, माझ्याबरोबर शहरात चला, दवाखान्यात डोळे दाखवू. ते म्हणाले की आत्ता नाही, लांबलांबनं माणसं येतायत. मग माझ्या आवाजातली कोरड त्यांना कळली असावी. मला पाणी द्यायला त्यांनी तांब्या मागितला. मी म्हटलं, माझा नंबर मागं आहे. त्यावर ते पहिल्यांदाच हसले आणि म्हणाले, मग नंबर आला की देतो, थांब.

आणि खाली काहीतरी अडलं होतं म्हणून ते स्वतः पायऱ्या उतरू लागले. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात रिकामी बादली. भिंतीचा प्रत्येक दगड त्यांच्या हाताला ओळखीचा असल्यासारखे, न चाचपडता. खांदे खाली गेले, मग मुंडासं दिसेनासं झालं. खालून आवाज आला, कुणाला तरी दटावत होते की पाण्यात पाय घालू नको, वर माणसं उभी आहेत.

रस्त्यावरून आमच्या जीपनं हॉर्न दिला. माझ्यापुढं एक लमाणी बाई होती, मागं दोन गाढवं घेऊन एक म्हातारा. हॉर्न पुन्हा वाजला, जरा जास्त वेळ. मी जागची हलले नाही.